सहावा हिस्सा

डॉक्टरांनी खिशातला रुमाल काढला आणि विमानाच्या पंखावरचा, एरवी कुणाला दिसलाही नसता असा डाग पुसला. मग मान वाकडी करून पुन्हा पुसला.

"अहो, विकायचंय ते आता," बायको म्हणाली. "नव्या मालकाला पुसू दे."

चार सीटांचं छोटं विमान, सहा भागीदार. विमान उड्डाणशाळेला भाड्यानं दिलेलं, भाडं सहा जणांत वाटायचं. "निव्वळ गुंतवणूक," असं दंतवैद्य नवऱ्यानं सांगितलं, तेव्हाच डॉक्टरीणबाईंना वाटलं होतं, कुठंतरी पाणी मुरतंय. सोनं घ्यायला बिचकणारा माणूस विमान घेतो? पण भाडं वेळेवर येत गेलं आणि त्या गप्प बसल्या. आता कापडाचा एक व्यापारी त्यांच्या हिश्श्याला दीडपट किंमत द्यायला तयार होता, आणि दवाखान्यातली खुर्ची पेशंटसकट मध्येच खाली बसत होती. "विकू या की," डॉक्टर म्हणाले होते, जरा जास्तच पटकन.

व्यापाऱ्यानं विमानाभोवती चक्कर मारली. "तुम्ही स्वतः नाही उडवत?"

"छे! आपला संबंध भाड्याशी."

"दर रविवारी येऊन डाव्या सीटवर बसतात मात्र," शाळेत शिकवणारी वैमानिक मुलगी हसून म्हणाली. "चालवणाऱ्याची सीट ती. वर नेते म्हटलं, तर नको म्हणतात."

रविवारी ते हिशेब बघायला जातात, अशी डॉक्टरीणबाईंची समजूत होती.

डॉक्टरांनी घाईनं विषय बदलला. "हा लाल पट्टा मी निवडला. लांबूनही उठून दिसतो."

पट्टा हिरवागार होता. व्यापारी बघतच राहिला. मुलीनं बोलायला तोंड उघडलं.

"लालच शोभतो," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. चारचौघांत सांभाळून घ्यायची सवयच होती. लाल-हिरव्याचा डॉक्टरांचा घोळ जुनाच. मोजे कुठले, टोमॅटो पिकलाय का, नव्या दाताचा रंग जुळतोय का, हे घरीदारी त्याच सांगत आल्या होत्या. चेष्टाही करत आल्या होत्या.

"मला जमेल का हे शिकायला?" व्यापाऱ्यानं मुलीला विचारलं.

"न जमायला काय झालं? डोळे तेवढे हवेत. रेडिओ बंद पडला तर विमानतळाच्या मनोऱ्यावरून दिवा दाखवतात, तो लाल, म्हणजे थांबा, की हिरवा, म्हणजे निघा, ते ओळखता यायला हवं. तिथंच कित्येक जण बाद होतात."

डॉक्टर पुन्हा तोच डाग पुसू लागले.

सासूबाई सांगायच्या, हा विशीच्या आतच कुठल्याशा परीक्षेला मोठ्या उमेदीनं गेला, दोन-तीन दिवसांत परतला आणि मुकाट्यानं दातांच्या कॉलेजात नाव घातलं. का, ते कुणालाच कळलं नाही. डॉक्टरीणबाईंनी नवऱ्याच्या हातातल्या रुमालाकडे पाहिलं. इतकी वर्षं त्या मोज्यांवरून हसल्या होत्या. रागही आला. एका शब्दानं सांगायचं तरी!

"आमचा हिस्सा विकायचा नाही," त्या व्यापाऱ्याला म्हणाल्या.

"अगं, पण खुर्ची?"

"ओढेल अजून वर्षभर."

व्यापारी चडफडत निघाला. मुलगी त्याला फाटकापर्यंत पोचवायला गेली. डॉक्टरीणबाई पर्स सावरत उजव्या सीटवर चढून बसल्या. डॉक्टर बराच वेळ खालीच उभे होते, मग डाव्या बाजूनं आत आले. चाकांना ठोकळे लावलेले होते. विमान जागचं हलणार नव्हतं.

दोघंही समोरच्या, लांबच्या मनोऱ्याकडे बघत राहिले.

"हिरवा आहे," त्या म्हणाल्या.

मनोऱ्यावर दिवा लागलेलाच नव्हता, आणि एवढं डॉक्टरांनाही दिसत होतं. त्यांनी रुमाल खिशात ठेवला आणि दोन्ही हातांनी सुकाणू धरलं.