वेगळी ठेवलेली मूठ

कारखान्याच्या निवडणुकीत चेअरमन पडला की अख्खं पॅनेल फुटतं, हे सर्जेरावांनी डोळ्यांनी बघितलं होतं. वानरांचंही तसंच असणार, असं त्यांनी धरलं. सत्त्याण्णव सालच्या माघात लासुर्ण्याच्या त्यांच्या द्राक्षबागेवर कळप उतरू लागला, आणि सगळ्यांच्या पुढं असायचा तो कान फाटलेला थोराड हुप्प्या. त्याला त्यांनी पिंजऱ्यात धरला, ट्रॉलीत घातला आणि बावड्याच्या पलीकडं नदीकाठी सोडून दिला. घरी सांगितलं, बावड्याला रोपं बघायला गेलो होतो.

बायकोला, द्वारकाबाईंना, खरं सांगायची छाती नव्हती. दर शनिवारी त्या मारुतीच्या पारावर वानरांना भिजवलेले हरभरे घालीत. तिथंही थोरली वानरी पुढची जागा अडवी, धाकट्यांना दात दाखवून हुसकावी. म्हणून मागं राहणाऱ्या एका लेकुरवाळीसाठी बाई पदराला मूठभर वेगळे बांधून नेत. तिचं पिल्लू अजून काळंभोर होतं.

कळप काही पांगला नाही. उसातून उपरे नर आले, रक्त निघेस्तोवर आपसात भांडले, आणि त्यातला एक टिकला. जुन्याची पिल्लं त्यानं ठेवली नाहीत. अंगावरचं पिल्लू गेलं की मादी लवकर माजावर येते, हे जनावरं पाळणाऱ्या सर्जेरावांना कुणी सांगायला नको होतं. आधी मात्र सुचलं नाही.

शनिवारी ती लेकुरवाळी आली ती पोटाशी वाळलेलं पिल्लू धरून.

"जुना असता तर ह्या नव्याची छाती झाली नसती," द्वारकाबाई म्हणाल्या.

बाईंबरोबर पारावर आलेले सर्जेराव उठून बागेत गेले. बाजारासाठी राखलेले घड तोडून आणले आणि त्या वानरीपुढं ठेवले. तिनं हात पुढं केला, तोच देवळाच्या शिखरावरून नवा हुप्प्या खाली उतरला. ती मागं सरली. तो एकटाच खात बसला.

द्वारकाबाई नवऱ्याकडं बघत होत्या.

"आवं, बावड्याला रोपं बघाया गेलतासा, तवा ट्रॉली कशापायी नेलती?"

सर्जेराव उघड्या पडलेल्या देठांकडं बघत राहिले.

"जुना तितं हाय," ते म्हणाले. "मीच सोडलाय."

पदराची गाठ सोडून ती मूठ बाईंनी नवऱ्याच्या ओंजळीत ओतली आणि घराची वाट धरली.

सर्जेराव हात पुढं करून बसले. वानरी जवळ येईना.