दोन याद्यांत एक नाव

आमच्या गल्लीतली छोटी शाळा बंद करायची की नाही, हे ठरवायला शाळा समिती संध्याकाळी चौथीच्या वर्गात बसली होती. अध्यक्षांचे गुडघे बाकाखाली मावेनात, म्हणून ते आडवे बसले होते. आम्ही पालक मागे. मी दाराजवळची जागा धरली. काळजी करायला मला दार जवळ लागतं.

माझी ठकी दुसरीत आहे. बोलताना ती अडखळते. इथे तिच्या वर्गात सतरा मुलं. तिचा शब्द अडला की बाई थांबतात; बाई थांबतात म्हणून पोरंही थांबतात. मुख्य रस्त्यापलीकडच्या मोठ्या शाळेत एका वर्गात पन्नास. तिथे कोण कुणासाठी थांबणार? गेल्या वर्षी नुसत्या मानेवर भागवणारी ठकी हल्ली आजीशी भांडते. सासूबाई म्हणतात, "बोलती झाली हो कार्टी, आता माझं काही खरं नाही."

शाळा गेली तर हे सगळं जाणार होतं.

कारकुनाने कागद वाचला. "पुढच्या वर्षीचा पट, नवी पहिली धरून, छप्पन्न. नियमाने साठ लागतात."

"अहो, परवापर्यंत साठ होते ना?" औषधांच्या दुकानाचे मालक समितीवर होते, त्यांनी विचारलं.

"होते. पण चार मुलांची नावं मोठ्या शाळेच्या यादीत आली आहेत. तिथे नोंद झाली की इथून वजा."

त्या चारांतलं एक नाव ठकीचं होतं.

शाळा बंद होणार अशी कुजबुज सुरू झाली, त्याच आठवड्यात मी गुपचूप मोठ्या शाळेत जाऊन तिचं नाव टाकून आले होते. असू दे हाताशी, म्हणून. नवऱ्यालाही बोलले नव्हते. माझं हे असंच. दूध तापायच्या आत मी फडकं घेऊन उभी. शाळा बंद पडेल या भीतीने मीच ती बंद पाडायला हातभार लावला होता. आणि 'शाळा वाचवा'च्या अर्जावर पहिली सही कुणाची? माझीच!

"कोणती ही चार घरं?" अध्यक्ष म्हणाले. "ज्यांचा स्वतःचाच भरवसा नाही, त्यांच्यासाठी आम्ही का घसा कोरडा करायचा?"

मोठ्या बाई, म्हणजे मुख्याध्यापिका, उठल्या. "यादी माझ्याकडे आहे. पण वाचणार नाही."

"का बरं?"

"आईला मुलाची काळजी वाटली, एवढ्यासाठी तिचं नाव चारचौघांत घ्यायचं, हे मला जमायचं नाही. वजा करायचं तर खुशाल करा."

म्हणजे त्यांना ठाऊक होतं. रोज सकाळी फाटकाशी भेटायच्या, ठकीने काल किती ओळी वाचल्या ते कौतुकाने सांगायच्या. शब्दाने नाही की नजरेने नाही, कधी जाणवू दिलं नाही.

मी उभी राहिले. "त्यातली एक मी."

"मोठ्यानं बोला, ऐकू येत नाही."

"त्यातली एक मी आहे! शाळा नको म्हणून नाही. ही गेली तर पोरीला न्यायचं कुठे, म्हणून नाव टाकलं. उद्या काढून येते."

नवरा कुजबुजला, "अगं, मला तरी सांगायचंस!"

तेवढ्यात पुढून आमची शिवणवाली उठली. "मग मी कशाला लपून बसू? दुसरी मी. आणि काय गं, तिथल्या जिन्यात मला बघून तोंड फिरवलंस ते?"

"तुम्ही आधी फिरवलंत!"

वर्ग हसला. मग बसचा ड्रायव्हर उठला. "तिसरं आमचं. बायकोनं टाकलं."

"मी? तुम्हीच रांगेत उभे होतात!" त्याची बायको बसल्या जागेवरून कडाडली.

चौथं कुणी उठलं नाही.

"एकोणसाठ," कारकून म्हणाला.

"एका पोरासाठी कुलूप लावायचं का हो?" औषधवाल्यांनी विचारलं. बरीच वादावादी झाली. शेवटी चार विरुद्ध तीन मतांनी शाळेला एक वर्ष मिळालं. अट एकच: नावं काढल्याची कागदपत्रं उद्या दुपारपर्यंत हवीत.

बाहेर पडताना मी मोठ्या बाईंना गाठलं. "बाई, तुम्ही मला रागावला का नाहीत?"

"घाबरलेल्या आईला मी आणखी घाबरवू?" त्या म्हणाल्या. "जा, ठकी वाट बघत असेल."

दुसऱ्या दिवशी मोठ्या शाळेच्या खिडकीशी आम्ही तिघी ओळीने उभ्या होतो. तिथला कारकून म्हणाला, "विचार करा हं. ही जागा पुन्हा मिळायची नाही." मी सही केली. आयुष्यात पहिल्यांदा मी हाताशी काही न ठेवता घरी आले.

नवं वर्ष सुरू झालं तेव्हा फळ्यावर पट लिहिला होता: साठ. चौथ्या आईनेही कधीतरी जाऊन नाव काढलं होतं. ती कोण, हे मोठ्या बाईंनी सांगितलं नाही आणि आम्हीही विचारलं नाही. फाटकाशी उभ्या असलेल्या बायकांपैकी ती कुणीही असू शकते, म्हणून हल्ली मी प्रत्येकीशी जरा जास्तच गोड बोलते.