अर्धी पाटी

नव्वद साली कुसुम अमळनेरहून लग्न करून सिल्वासाला आली. डोकमर्डीच्या चाळीतली एक खोली, मागं छातीएवढ्या भिंतीचं चिमूटभर अंगण, आणि त्या अंगणात लालभडक मुरूम. एवढाच तिचा मुलूख. नवरा विश्वनाथ खडोलीला सुताच्या कारखान्यात. भाजी तोच आणी, दळणही तोच.

"इथं बारा गावची माणसं," तो म्हणे. "तू कशाला बाहेर पडतेस? मी आहे ना."

बोलायचा मायेनंच. मायेशी भांडायचं कसं, हे तिला ठाऊक नव्हतं.

तिनं वांगी लावली. मुरमात रोपं पिवळी पडली, तेव्हा ती म्हणाली, "खत हवं. आणता का?"

"मी? कंपनीच्या बसमधली माणसं बघतील, डोक्यावर शेणाची पाटी! तूच जा. नाक्यापलीकडे गोठा आहे. गेलीस तशी ये."

अशी कुसुमला वाट मिळाली. शिरीषाची झाडं, सायकलवाले, कुणाच्या तरी रेडिओवरचं गुजराती गाणं. आणि वाटेच्या टोकाला भिमाबाईच्या म्हशी.

"अगं, अर्धीच पाटी?" भिमाबाई खड्ड्यातलं कुजलेलं खत ओढत म्हणाली. "लाजते का माझ्या म्हशींना?"

"भरून नेली, तर उद्या कशाला येऊ, मावशी?"

भिमाबाईनं तिच्याकडे पाहिलं. मग पाटीतलं दोन ओंजळी खत परत काढून घेतलं. "मग एवढंच ने. आन बस जरा. चा पी."

परतताना कुसुम ओठातल्या ओठात म्हणे,

*माती गं उपाशी, राहू दे तशी थोडी,*
*तिच्याच भुकेनं उघडते माझी कडी.*

पण माती काही उपाशी राहिली नाही. मुरूम काळा होत गेला, पायाखाली मऊ लागू लागला. वांग्याला जांभळी फुलं आली. विश्वनाथ हरखला. आणि एका रविवारी भिंतीपलीकडे ट्रॅक्टर थांबला. ट्रॉलीभर शेणखत अंगणात ओतलं गेलं, खिडकीच्या गजांपर्यंत.

"घे! आता वर्षभर उंबरा ओलांडायला नको."

कुसुमनं मूठभर उचललं. "कच्चं आहे हो हे. मुळं जळतील. परत पाठवा."

"मी पण शेतकऱ्याचाच पोर आहे." त्यानं तिच्याच मुठीतलं नाकाशी नेलं. "वास येतो का? चहाच्या भुकटीसारखं झालंय. सोन्यासारखं आहे."

खरंच होतं. कुठं खोट काढायला जागा नव्हती.

सोमवारी तो शिफ्टला गेला आणि कुसुमनं पदर खोचला. पाटी भरली, डोक्यावर घेतली, भिंतीपलीकडच्या नाल्यात रिकामी केली. पुन्हा भरली. आता अर्धी नाही, शिगोशीग. मानेवरून काळे ओघळ उतरले, बांगडी फुटली. दुपार कलली. मग तिनं पाहिलं, तर भाकरीची कड कुरतडावी एवढाच ढीग कमी झाला होता. पण झाला होता. रोज असंच केलं, तर पावसाआधी संपेल. मग पुन्हा नाका, पुन्हा म्हशी.

आठवडाभर तिनं पाट्या ओतल्या.

शनिवारी विश्वनाथ हातपाय धुऊन अंगणात आला. तिच्या एका हातात वांगी होती, दुसऱ्या तळव्याला फोड. त्यानं फोडांवरून अलगद अंगठा फिरवला, मग ढिगाकडं पाहिलं.

"बरंच उतरलं की गं. फार राबतेस. माती खाते चांगली."

कुसुमनं वांगी पदरात घेतली.

"काळजी नको करू," तो म्हणाला. "उद्याच अजून एक ट्रॉली सांगतो."