ब्रेकची फेरी

बक्कल दोन बोटांत धरून त्याने दाबलं. टक् असा आवाज झाला, पट्ट्याची दोन टोकं दोन बाजूंना पडली, आणि तो मुलीला उचलायला वळला. खुर्ची रिकामी होती.

तो खुर्चीच्या गादीकडे बघत राहिला. मग सायकलच्या पलीकडे जाऊन बघितलं. मग हँडलपुढच्या टोपलीत बघितलं. का, ते त्यालाही सांगता आलं नसतं. टोपलीत त्याची कामाची पिशवी होती.

"आलास?" पहिल्या मजल्याच्या गॅलरीतून बायकोने विचारलं. ती वाळलेले कपडे काढत होती. शेजारी तिचा धाकटा भाऊ कठड्यावर कोपरं टेकून उभा होता. "मुंगी कुठेय?"

"दाजी, नट-बोल्ट सगळे आले," भाऊ म्हणाला, "पोरगी कुठे सांडलीत?"

त्याच्या घशातून आवाज निघाला तो अगदी सरळ निघाला, आणि त्याचं त्यालाच नवल वाटलं.

"तिथेच राहिली, पाळणाघरात. बाटली विसरली होती, ती आणायला गेली आणि बसली खेळत. आणतो."

"मग थांबायचं ना तिच्यासाठी. मोकळाच कशाला आलास?"

त्याने सायकल वळवली होती.

तो लिफ्टची तपासणी करायचा. लिफ्टच्या विहिरीत वर एक माणूस असतो, खाली एक, मध्ये अंधार. वरचा एकेका भागाला हात लावतो आणि त्याचं नाव घेतो. खालचा आपल्या बाजूने हात लावून 'आहे' म्हणतो. दिसत कुणालाच काही नाही, म्हणून आवाजावर काम चालतं. ही पद्धत त्याने सायकलवर आणली होती. मुंगी पाळणाघराच्या पायरीवरून खुर्चीत चढायची, तो पट्टा लावायचा आणि विचारायचा. पट्टा? आहे. पाय? आहे. नट? आहे. आणि शेवटी, मुंगी? या शेवटच्या 'आहे'ला ती इतकी ओरडायची की रस्त्यावरची माणसं मान वळवायची. त्याआधी, ती चढण्यापूर्वी, तो रिकामी सायकल घेऊन अंगणात एक चक्कर मारून दोन्ही ब्रेक दाबून बघायचा. मेहुणा याला 'दाजींची आरती' म्हणायचा.

आज त्याने चारही प्रश्न विचारले होते. कानाला फोन होता. एका इमारतीत दोन मजल्यांच्या मध्ये लिफ्ट अडकली होती आणि तिथला माणूस घाबरून एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगत होता. फोन खांद्यात धरून, मान वाकडी करून त्याने पट्टा ओढून पाहिला होता. पट्टा घट्ट होता. बुटाने पायांच्या खोबणीला ठोकर दिली होती. आणि चारही वेळा त्याने तिचा आवाज ऐकला होता. स्वच्छ. चौथा तर नेहमीसारखा ओरडून.

म्हणजे ती बसली होती. बसली होती आणि आता नव्हती. मधे फक्त रस्ता होता.

तो गल्लीतून सायकल हातात धरून चालत निघाला, कारण बसून गेलं तर वेगात काही सुटून जाईल. गटाराच्या कडेने बघितलं. उभ्या गाड्यांच्या खाली वाकून बघितलं. पट्टा बंद होता, हे त्याच्या डोक्यातून जात नव्हतं. पट्टा बंद आणि मूल नाही, याचा अर्थ एकच. हा अर्थ त्यानेच मेहुण्याला समजावला होता.

दोनच आठवड्यांपूर्वी मेहुण्याने मुंगीला पुढच्या दांडीवर बसवून आणलं होतं. हेल्मेट हँडलला टांगलेलं, पाय चाकाशेजारी लोंबकळत, दोघंही गाणं म्हणत. त्याने तिला उतरवून घेतलं आणि सगळ्या शेजारपाजारासमोर सांगितलं होतं की टाच आऱ्यांत गेली तर काय होतं ते एकदा दवाखान्यात जाऊन बघ. मेहुणा म्हणाला, "बरं दाजी, मागच्या खुर्चीत बसवत जातो." तर तो म्हणाला, "तेही नाही. पट्टा सैल राहिला तर मूल खालून सरकतं, पट्टा तसाच बंद राहतो आणि चालवणाऱ्याला पत्ताही लागत नाही. तुझ्या हातात पोरगी द्यायची म्हणजे माकडाच्या हातात कोलीत." मेहुणा हसला होता. बायको हसली नव्हती. तेव्हापासून मेहुणा घरी यायचा, पण खाली सायकलजवळ थांबायचा नाही.

चौकात हवालदार उभा होता. मुंगी त्याला रोज सलाम ठोकायची आणि तो रोज परत ठोकायचा.

"हवालदार, मघाशी मी गेलो तेव्हा मुंगी मागे होती ना?"

"होती की." हवालदाराने शिट्टी तोंडातून काढली. "सलाम ठोकला तिने. का हो?"

"नक्की?"

"आता रोजचं आहे आमचं. लाल हेल्मेट, इतकुसा हात. मी पण ठोकला." त्याने हात कपाळाशी नेऊन दाखवला. "काय झालं, लिफ्टवाले? चेहरा का असा?"

"काही नाही. हेल्मेट पडलंय कुठेतरी."

"इथे नाही पडलं. पडलं असतं तर मला दिसलं असतं."

म्हणजे चौकापर्यंत ती होती. चौक ते घर. तो आत्ता चालत आला होता तोच रस्ता. म्हणजे त्याने बघितलं होतं आणि त्याला दिसलं नव्हतं.

तो परत फिरला. या वेळी दोन्ही कडांनी बघत, उलटसुलट. दुकानाच्या पायऱ्यांमागे, कचऱ्याच्या डब्यापलीकडे, कुंपणाच्या आत. पाठीमागून कुणीतरी घंटा वाजवून 'बाजूला व्हा' म्हणालं. त्याला हाक मारायची होती, पण 'मुंगी' म्हणून भर रस्त्यात ओरडलं की मग ते खरं झालं असतं. गल्लीच्या तोंडाशी पाच-सहा माणसं गोल करून खाली वाकली होती. मघाशी ही माणसं तिथे नव्हती. त्याने सायकल हातातून सोडली. ती कशावर तरी आपटली. दोन माणसांच्या मधून तो आत घुसला तेव्हा त्याचं तोंड उघडं होतं.

खाली फुटक्या बाटल्यांचा क्रेट होता. दूधवाला काचा वेचत होता.

"पायाखाली बघा," तो म्हणाला. "तुमचं काय गेलं?"

तो सायकलपाशी परत आला. टोपलीतून पडलेली पिशवी उचलली. आता बायकोला सांगायचं. गॅलरीतून बघणाऱ्या भावासमोर तिला फोनवर सांगायचं. त्यानंतर पोलीस, त्यानंतर दवाखाने. क्रम त्याला पाठ होता. लिफ्टमध्ये अपघात झाला की असाच क्रम असतो. त्याने पिशवीच्या तळातून फोन काढला. त्यावर न घेतलेले बरेच फोन होते. सगळे एकाच नंबरवरून.

"अहो मुंगीचे बाबा," पाळणाघरातल्या ताई म्हणाल्या. मागे मुलांचा गलका होता. "आज ब्रेकची फेरी गावभर मारताय का? पोरगी केव्हाची पायरीवर बसलीय. आत चल म्हटलं तर येत नाही."

त्याने फोन कानावरून काढला, त्याकडे बघितलं आणि परत कानाला लावला.

"कोण?"

"कोण म्हणजे? तुमची मुंगी. दुसरी कोण?"

तो सायकलवर बसला. चौकात हवालदाराने हात केला, तो त्याने बघितला नाही. पुढे कालव्यावरच्या पुलाचा चढ होता. रोज परत येताना इथे तो उभा राहून पायडल मारायचा आणि मुंगी मागून 'जोर लाव, जोर लाव' म्हणायची. आज येताना चढ हलका लागला होता. वारा मागून असेल, असं त्याला वाटलं होतं. 'जोर लाव' आलं नाही तेव्हा ती झोपली असेल, असंही वाटलं होतं. आता उलट्या दिशेने जातानाही चढ तितकाच हलका लागला. वारा मुळीच नव्हता.

ती पाळणाघराच्या पायरीवर गुडघे जुळवून बसली होती. डोक्यावर हेल्मेट, हनुवटीखालचा पट्टा लावलेला, मांडीवर पाण्याची बाटली. बसून बसून हेल्मेट एका भुवईवर आलं होतं. तो तिच्यासमोर उकिडवा बसला आणि दोन्ही हातांनी तिचे बूट धरले.

"झाले का ब्रेक?" तिने विचारलं.

"तू... तू खाली कधी उतरलीस?"

"चढलेच नव्हते. बाटली राहिली ना आत. तुला सांगितलं मी. तू फोनवर बोलत होतास."

"मग मी विचारलं तेव्हा..."

"तेव्हा मी आले होते बाटली घेऊन. इथे होते, पायरीवर." तिने बोट दाखवलं. सायकल उभी असायची तिथून पायरी हातभर लांब होती. "तू पट्टा म्हणालास, मी म्हटलं आहे. तू मुंगी म्हणालास, मी म्हटलं आहे. मग तू गेलास फेरी मारायला."

ताई दारात येऊन उभ्या होत्या. "मी ऐकत होते आतून," त्या म्हणाल्या. "मला वाटलं, आज उलटा खेळ काढलाय बापलेकीने. आधी प्रश्न, मग फेरी." त्या हसायला लागल्या, आणि त्याचा चेहरा बघून थांबल्या. "पाणी देऊ का तुम्हाला?"

त्याने मान हलवली. हो की नाही ते त्यांना कळलं नाही.

सकाळी मुलीला उतरवल्यावर रिकाम्या खुर्चीचा पट्टा तो स्वतःच बंद करायचा. लोंबकळत राहिला तर आऱ्यांत जातो म्हणून. रोज करायचा. आजही केला होता. संध्याकाळी त्याने ओढून पाहिला तो सकाळचाच पट्टा होता.

मुंगी पायरीवरून खुर्चीत चढली. त्याने बक्कल लावलं, बोट घालून पाहिलं, पायांचे छोटे पट्टे लावले. मग सवयीने तोंड उघडलं. "पट्टा," तो म्हणाला, आणि पुढचं येईना.

"आहे," मुंगी म्हणाली. तिने वाट बघितली. मग पुढचं तिनेच घेतलं. "पाय? आहे. नट? आहे. मुंगी?" आणि ती ओरडली.

तो सायकलवर बसला नाही. एक हात हँडलवर आणि दुसरा तिच्या बुटावर ठेवून तो सायकल ढकलत चालू लागला. पुलाच्या चढावर मुंगी म्हणाली, "जोर लाव," आणि त्याला खरंच जोर लावावा लागला.

चौकात तिने सलाम ठोकला. हवालदाराने परत ठोकला.

"बघा," तो म्हणाला, "म्हटलं नव्हतं, मागे आहे म्हणून? हेल्मेट तर डोक्यावरच आहे तिच्या."

गल्लीत दिवे लागले होते. बायको आणि मेहुणा खाली फाटकापाशी येऊन थांबले होते. मेहुणा दोन पावलं मागे, सायकलीपासून अंतर राखून.

"चालत का आलास? पंक्चर?"

"नाही."

"मिळाली का बाटली?"

"बाटली माझ्याकडेच होती," मुंगी म्हणाली. तिने ती उंच धरून दाखवली. "मी पायरीवर बसले होते. बाबा मला न घेताच फेरी मारायला गेला, आणि मग किती वेळ आलाच नाही."

मेहुण्याचं हसू चेहऱ्यावर आलं आणि अर्ध्यात राहिलं. बायकोने नवऱ्याकडे बघितलं. मग सायकलच्या खुर्चीकडे. मग तो मघाशी जिथे उभा राहून 'तिथेच राहिली' म्हणाला होता त्या जागेकडे. तिचा हात फाटकाच्या गजावर गेला आणि तिथेच राहिला.

"तू आलास तेव्हा," ती हळू म्हणाली, "तुला ठाऊक नव्हतं, ती कुठे आहे ते."

त्याने मान खाली घातली. बक्कल सोडवायला हात पुढे केला. बोटं बक्कलवर पोचली, पण दाबायला जमेना. मेहुण्याला बोलायला आयुष्यभर पुरेल इतकं मिळालं होतं, आणि तो तोंड मिटून उभा होता.

"तू सोडव तिला," तो मेहुण्याला म्हणाला.

"मी?"

"सोडव."

मेहुणा पुढे आला. त्याने आधी सायकलचा स्टँड पायाने दाबून पाहिला, मग पायांचे पट्टे काढले, मग बक्कल दाबलं आणि मुंगीला दोन्ही काखांत हात घालून उचललं. तिने त्याच्या कानात काहीतरी सांगितलं. "हो," तो म्हणाला, "मोठी फेरी." त्याने हेल्मेटचा पट्टा सोडला आणि तिला घेऊन जिना चढू लागला. बायको त्यांच्यामागे गेली नाही.

त्याचे हात सवयीने खुर्चीकडे गेले. पट्ट्याची दोन टोकं जुळली. टक्.

तो तसाच उभा राहिला. मग त्याने बक्कल पुन्हा दाबून उघडलं आणि दोन्ही टोकं खुर्चीच्या पाठीमागे वेगवेगळी नेऊन, आऱ्यांपासून लांब, गाठी मारून बांधली. रिकामी खुर्ची उघडी राहिली. बायकोने फाटकाचा गज सोडला, जवळ येऊन गादीवर हात फिरवला आणि म्हणाली,

"उद्या मी येते बरोबर. चालत."