दोनचा आणि तीनचा रिपोर्ट

पेनाला बांधलेली सुतळी रजिस्टरच्या पानावर आडवी पडली होती, आणि तिच्याखाली सहाच्या, सातच्या, आठच्या... थेट दुपारी दोनच्या घरापर्यंत एकाच हातानं, एकाच दमात लिहिलेलं— सर्व ठीक, सर्व ठीक, सर्व ठीक. भिंतीवरच्या घड्याळात सकाळचे सहा वाजून दहा मिनिटं झाली होती. देवरावनं अकराच्या घरावर अंगठा दाबला. शाई ओली होती. ‘ठीक’ पसरलं, अंगठा निळा झाला, आणि तो पँटला पुसताना त्याला उगाचच बरं वाटलं.

“चंपतराव, हे काय करून ठेवलं गा?”

“काय म्हणजे? दिवसभराचं काम निपटवून टाकलं,” गेटवर त्याच्याबरोबर ड्यूटीला असणारा चंपतराव डबा खुंटीला अडकवत म्हणाला. “दर घंट्याले कोन उठून जाते कंपाउंड पाहाले? काही झालं त मालूम पडनच ना.”

मालूम पडेलच. हो, पडतं ना— दोन तासांनी, तीन तासांनी, कधीतरी पडतंच. देवरावनं पेनाची सुतळी बाजूला सारली. हिंगण्याच्या या कारखान्यात गार्डची नोकरी धरून पंधरा वर्षं झाली, आणि पंधरा वर्षांत स्वतः फेरी मारल्याशिवाय त्यानं त्या घरात एक अक्षर लिहिलं नव्हतं. पावसात नाही, तापात नाही, सासरा गेल्याचा फोन आला त्या दिवशीही नाही. मागची भिंत, बॉयलर, ट्रान्सफॉर्मर, आणि परत. लोक हसायचे. फौजी माणूस, म्हणायचे, शिस्त अंगात मुरली आहे. शिस्त! बाबांनो, शिस्त असती तर मी इथं कशाला असतो...

“आज तुमचा एपिसोड हाय म्हणते सात वाजता,” चंपतराव खुर्ची ओढत म्हणाला. “माही बायको त कालपासूनच सांगून राह्यली, कोनी टीव्हीले हात लावाचा नाही म्हणून.”

तुमचा एपिसोड. तीन महिने चालली होती ही सिरियल, देवरावच्या फौजेतल्या दिवसांवरची. बर्फातली एक चौकी, सहा जवान, धुकं, आणि कोणाच्या ध्यानीमनी नसताना सीमेपलीकडून चढून आलेलं सैन्य. रोज अर्धा तास. त्यात दहा मिनिटं जाहिराती, दहा मिनिटं घरच्या बायकांची रडारड आणि उरलेल्या दहांत युद्ध. बर्फ तर इतका पांढरा की हा कुठल्या साबणानं धुतात गं, असं देवरावनं एकदा बायकोला विचारलं होतं, आणि कौसल्या पोट धरून हसली होती. खरा बर्फ मळका असतो. त्यावर रॉकेल सांडलेलं असतं, रिकामे डबे पडलेले असतात, आणि लांब जायचा कंटाळा करून माणसं तिथंच मुततात. हे टीव्हीवाल्यांना कोणी सांगायचं? मी सांगू शकलो असतो. मी तर काय काय सांगू शकलो असतो.

आज महादेव मरणार होता. म्हणजे टीव्हीतला. खरा महादेव भोयर, कुही गावचा, देवरावच्या पलटणीतला, शेजारच्या खाटेवर घोरणारा, तो सव्वीस वर्षांपूर्वीच मेला. कधी मेला ते मात्र कोणालाच ठाऊक नाही. कागदोपत्री दुपारी साडेतीनला. कागद माझा होता.

नऊची फेरी मारताना ते सगळं डोळ्यांपुढे आलंच. बॉयलरपाशी रोज येतं, तिथली वाफ धुक्यासारखी अंगावर येते म्हणून असेल... महादेव वर चौकीत, देवराव खाली तळावर रेडिओच्या सेटपाशी. दर तासाला वरून आवाज यायचा, सब ठीक, आणि देवरावनं तो वेळेसमोर रजिस्टरात लिहायचा. एखाद्या तासाला आवाज आला नाही तर लगेच साहेबांना उठवायचं, असा हुकूम होता. पण थंडीत वरच्या बॅटऱ्या भराभर उतरायच्या, नवीन पोचवायच्या तर एका माणसाला दिवसभर चढावं लागायचं, म्हणून महादेव म्हणाला, “दोनचा अन् तीनचा तू लिहून टाकत जा गा. इथं कोन येते मराले! मी एकदम चारले बोलतो.” दोस्ताचं काम. त्यात वाईट काय होतं? महिनाभर लिहिलं. त्या दिवशीही एक वाजता महादेव बोलला— धुकं आहे म्हणाला, साखर संपली म्हणाला. दोन वाजता देवरावनं लिहिलं, ओके. तीन वाजता लिहिलं, ओके. आणि दोन ते तीनच्या मधे काय केलं? मोजे वाळवले. शेगडीवर धरून, उलटेसुलटे करून, दोन्ही मोजे वाळवले. चार वाजता सेटमधून नुसती खरखर आली.

चौकी परत घेतली तेव्हा वर गेलेल्यांत तोही होता. सेट गोळीनं फुटलेला. महादेवच्या मांडीला पट्टी, त्यानं स्वतःच बांधलेली, आणि ती सोडली तर आत आणखी एक पट्टी. म्हणजे पहिली भिजल्यावर त्यानं वरून दुसरी बांधली. म्हणजे बराच वेळ तो तिथं दगडाला टेकून बसला होता, जिवंत, शुद्धीवर... वाट बघत होता असंही म्हणता येत नाही. वाट कशाची बघणार? खाली देवराव दोनचा रिपोर्ट लिहून टाकणार हे त्याला ठाऊक होतं. तीनचाही लिहून टाकणार. त्यानंच सांगितलं होतं. चारपर्यंत कोणी हलणार नाही हे त्या डोंगरावर फक्त त्याला ठाऊक होतं, आणि तरी त्यानं दुसरी पट्टी बांधली. का बांधली असेल? सव्वीस वर्षं मी हेच विचारतोय. चारपर्यंत टिकायचं म्हणून बांधली का रे, महादेव?

चौकशीला साहेबांनी विचारलं, दो और तीन का रिपोर्ट आया था? आया था, साब. म्हणजे हल्ला तीन आणि चारच्या मधे, लिहा साडेतीन. झालं, कागद पुरा झाला. कोणाला पुसटशी कल्पना नसताना झालेला हल्ला, असं पेपरांनी लिहिलं, आणि आता टीव्हीही तेच म्हणत होता. मागच्या भिंतीवर एक मांजर बसलं होतं. देवरावनं ते नीट बघून घेतलं आणि मग गेटवर येऊन नऊच्या घरात, चंपतरावच्या ‘ठीक’च्या बाजूला आपली सही केली.

दोनला सुटला तो मोटारसायकलवरून थेट दिघोरीच्या चौकात निघाला. कुहीहून शामला येणार होती, महादेवची बायको. दिवाळी झाली, धान निघालं की ती नवे तांदूळ घेऊन यायचीच. यंदा मुद्दाम आजचा दिवस धरला होता, एपिसोड सगळ्यांनी मिळून पाहायचा म्हणून. रिंग रोडवर ट्रकांच्या मधून गाडी काढताना देवराव तोंडातल्या तोंडात घोकत होता— वहिनी, मला माफ करा. नाही, हे नाही. वहिनी, त्या दिवशी असं झालं... सातच्या आत सांगायला हवं होतं. एकदा टीव्हीवर दिसलं की ते पक्कं होणार, कुही पाहणार, सारा मुलूख पाहणार, आणि मग माझ्या तोंडून खरं निघालं तरी लोक म्हणतील म्हाताऱ्याचं डोकं फिरलं. आज नाही तर कधीच नाही. एका पेट्रोल पंपाशी गाडी थांबवून तो नुसता उभा राहिला.

कारण नुसतं ओके लिहून तो थांबला नव्हता. महादेवच्या सामानाची पेटी घेऊन कुहीला गेला तेव्हा शामलाला सातवा महिना होता. ती रडली नाही. तिनं एवढंच विचारलं, “शेवटी काही बोलले काय जी?” आणि देवराव बोलून गेला. बोलले ना, रेडिओवर बोलले. म्हणाले, शामलाले सांगजो, पोरगा झाला त पियुष नाव ठेव. पियुष! ती पेटी घेऊन येताना इटारसीला रेल्वे थांबली तेव्हा खिडकीशी एक बाई आपल्या पोराला त्या नावानं हाका मारत होती, तेवढंच. त्या नावानं एक पोरगा शाळेत गेला, इंजिनियर झाला, आता पुण्यात नोकरी करतो. सिरियल लिहिणाऱ्या मुलीनं मुंबईहून फोन केला होता: सर, शामलाताई सांगतात ते असंच घडलं ना? सर म्हणाले, असंच.

शामला चौकात उभी होती, पदर डोक्यावर, तांदळाची पिशवी पायांशी. “किती वेळ जी भाऊजी! मले वाटलं, टीव्हीत जाऊन बसले काय तुम्ही.” ती मागे बसली, पिशवी मांडीवर घेतली. मानेवाड्याच्या सिग्नलला गाडी थांबली. आता.

“वहिनी, एक सांगाचं होतं.”

“घरी सांगा ना. सारी धूळ तोंडात जाऊन राह्यली.”

सिग्नल सुटला आणि देवरावनं गाडी पुढे काढली. माझ्याइतका आज्ञाधारक माणूस शोधून सापडायचा नाही. चारले बोलतो म्हटलं, थांबलो. घरी सांगा म्हटलं, थांबलो.

घरी कौसल्येनं “या वं बाई, या” म्हणत तिला ओढूनच आत नेलं. मग चहा. मग तांदूळ ताटात ओतून बघणं, वास घेणं, यंदा पाऊस कसा आला, कापणीला माणसं कशी मिळत नाहीत. देवराव दारापर्यंत जायचा आणि परत यायचा. दोन वेळा त्यानं ‘वहिनी’ म्हटलं. एकदा कौसल्येनं त्याच्या हातात कपबशा दिल्या, आणि एकदा पुण्याहून पियुषचा फोन आला. “काका, माझ्या फ्लॅटवर आज पंधरा जण जमलेत. मी सगळ्यांना सांगितलंय, माझं नाव कसं पडलं ते.” देवराव म्हणाला, “हो बेटा.” फोन ठेवल्यावर त्याला जोरात ओरडावंसं वाटलं, पण पावणेसात वाजले होते आणि कौसल्या खुर्च्या मांडत होती.

सात वाजता महादेव मेला. उंच, गोरा, दाढी नीट कोरलेला महादेव दोन्ही हातांनी रेडिओ धरून म्हणाला, “शामला से कहना... बेटा हुआ तो नाम पियुष रखना.” मागे बासरी. खाली तळावर टीव्हीतला देवराव सेटवर डोकं आपटून रडत होता, आणि इकडे खुर्चीत बसलेला देवराव त्याच्याकडे डोळे ताणून बघत होता. त्या माणसाचा त्याला हेवा वाटला. किती निष्पाप रडतो हा! याला वरून आवाज तरी आला.

जाहिराती लागल्या. कौसल्या डोळे पुसत कुकर उतरवायला आत गेली. शामलाच्या डोळ्यांत मात्र पाणी नव्हतं. ती टीव्हीतल्या साबणाच्या जाहिरातीकडे बघत होती.

“भाऊजी,” ती हळूच म्हणाली, “ते माह्यं नाव घेतच नव्हते कधी. चारचौघांत त नाहीच, घरात बी नाही. ‘अवं’ म्हणत.” मग म्हणाली, “मले तवाच समजलं होतं.”

देवरावनं आपली खुर्ची तिच्याकडे फिरवली. “मंग... नाव काहून ठेवलं वहिनी?”

“तुम्ही एवढ्या दुरून घेऊन आले होते ना जी.”

एवढंच म्हणाली. पाहुण्याला पाणी द्यावं इतक्या साधेपणानं. आणि ज्या गोष्टीच्या आड देवराव इतकी वर्षं उभा होता— तिच्यासाठी, पोरासाठी, तिला शेवटचा शब्द तरी असू दे म्हणून मी गप्प आहे— ती गोष्ट कधी नव्हतीच. तिला गरज नव्हती. गरज मला होती. लहान खोट्याला माफी मिळून गेली, सव्वीस वर्षांपूर्वीच मिळाली होती, आणि मोठं आता उघडं पडलं होतं, झाकायला काही म्हणता काही उरलं नव्हतं. आता सांग. बोल, मेल्या. तिनंच दार उघडलंय.

“आता एकच सांगा,” शामला त्याच्याकडे वळली. “साडेतीनपर्यंत तरी ते ठीक होते ना? त्या दिवशी दरसाल साडेतीनलेच दिवा लागते माह्या घरी.”

‘हो’ जिभेवर तयार होतं. सगळ्यात सरावाचा शब्द. पण ती टीव्हीकडे बघत नव्हती, माझ्याकडे बघत होती, आणि मला कळलं की मी हो म्हटलं तरी हिला समजणार आहे, तेव्हा समजलं तसंच. नाव ठेवून घेतलं तसं ही हेही मुकाट्यानं ठेवून घेईल, घरी जाईल, आणि साडेतीनलाच दिवा लावत राहील. मला तिची दया यायची इतकी वर्षं. आता नुसती भीती वाटली, डोंगरावरसुद्धा वाटली नव्हती अशी.

“सुरू झालं काय वं?” कौसल्येनं आतून विचारलं.

सुरू झालं होतं. देवरावनं उठून टीव्ही बंद केला आणि तो शामलासमोर येऊन बसला.