तिहोमिरच्या डाव्या गुडघ्यावर

मी एक जुना लोकरीचा पट्टा आहे, गुडघ्यावर चढवायचा. मित्रांनो, हसू नका. बास्केटबॉल खेळणाऱ्याच्या पायात लोकर कशाला, हा प्रश्न मलाही पडला होता. पण मला विणणाऱ्या देसांकाबाईंना तो पडला नाही, आणि त्यांच्यापुढे कुणाचे काही चालत नसे.

त्यांचा मुलगा तिहोमिर मोरावा नदीकाठच्या आमच्या शहराच्या संघातून खेळायचा. अठ्ठावीस वर्षांचा असताना, एका डिसेंबरात त्याचा डावा गुडघा दुखू लागला. आता सर्बियात मान दुखो, दात दुखो की पोट, दोष एकाचाच असतो: प्रोमायाचा. समोरासमोरच्या खिडक्या उघड्या राहिल्या की आरपार वाहतो ना, तो वारा.

"कपडे बदलायच्या खोलीत खिडक्या उघड्या टाकतात मेले!" देसांकाबाई कडाडल्या. "घामानं भिजलेलं पोर, त्यात प्रोमाया. गुडघा धरणार नाही तर काय?"

संघाचे मालिशवाले ल्युबाकाका लगेच "बरोबर आहे, ताई" म्हणाले आणि त्यांनी हातोडी आणून खिडक्यांना खिळेच ठोकले. तेव्हापासून अख्खा संघ कोंदट खोलीत घामाच्या वासात बसू लागला. इकडे देसांकाबाईंनी माहेरच्या मेंढ्यांची लोकर काढली आणि चार दिवसांत मी तयार झालो. मला फार अभिमान वाटला. एका खेळाडूला वाऱ्यापासून वाचवायला माझा जन्म झाला, असे मी समजत होतो.

तिहोमिर काही उंच उडी मारणारा खेळाडू नव्हता. धावण्यातही त्याच्यापेक्षा चपळ पुष्कळ होते. त्याची खुबी होती थांबण्यात. चेंडू घेऊन भरधाव यायचा आणि एकदम डाव्या पायावर थबकायचा. समोरचा रक्षक त्याच्या पुढे निघून जायचा, आणि त्या क्षणात तिहोमिर न बघता चेंडू बास्केटखाली फेकायचा. तिथे वुकोता उभाच असे. वुकोता म्हणजे त्याचा शाळेपासूनचा मित्र. दारातून वाकून येणारा, अंगाने धिप्पाड आणि मनाने हळवा. तिहोमिर थबकला की सारे क्रीडागृह श्वास रोखायचे आणि चेंडू बास्केटमध्ये पडला की छत हादरायचे.

पण ते थबकणे सगळे माझ्या गुडघ्यावर येत होते. मी त्याला माझा गुडघा म्हणतो, माफ करा, सवय झाली आहे. दुसऱ्या हिवाळ्यात माझे टाके ताणले जाऊ लागले. मला तिहोमिरच्या पायात चढायला त्रास होऊ लागला. देसांकाबाईंनी मला उलटसुलट करून पाहिले.

"धुऊन धुऊन आटला बघ," त्या म्हणाल्या, आणि बाजू उसवून त्यांनी मला बारा टाके रुंद केले.

मी आटलो नव्हतो, मित्रांनो. गुडघा सुजला होता. ही गोष्ट या जगात दोघांनाच ठाऊक होती, मला आणि तिहोमिरला. तो एकटा असला की दाराला कडी लावायचा, मला खाली सरकवायचा, सुजेवर बोट दाबून पाहायचा आणि घाईघाईने मला परत वर ओढायचा. दुखणे कळले तर आपल्याला बाकावर बसवतील, याची त्याला भीती वाटत होती. मला त्याची फार दया यायची. पण मी पडलो लोकर. मला बोलता कुठे येते?

सगळ्यात वाईट सांगू? त्याचे थबकणे आता लांबू लागले होते. थांबल्यावर पाय पुन्हा उचलायला त्याला वेळ लागायचा. लोकांना वाटायचे, वा, काय रंगवतो हा! कळ जितकी मोठी, तितक्या टाळ्या जास्त. त्या टाळ्यांमध्ये मी घामाने चिंब होऊन त्याच्या गुडघ्याला बिलगलेला असायचो आणि मला इतके एकटे कधीच वाटले नव्हते.

वुकोताला मात्र संशय आला. एका सरावानंतर तो तिहोमिरसमोर येऊन बसला.

"तिशा, खरं सांग. हल्ली तू थांबतोस की अडतोस?"

"प्रोमाया आहे रे."

"खिडक्यांना खिळे ठोकून वर्ष झालं. वारा काय भिंतीतून येतो?"

"तुझ्या डोक्यातून येतो. तिथं आरपार मोकळंच आहे."

सगळे खो खो हसले. वुकोता हसला नाही. त्याने माझ्याकडे बोट दाखवले. "हे काढ. बघू दे मला."

तिहोमिरने मला दोन्ही हातांनी झाकले. "रविवारनंतर," तो म्हणाला.

रविवारी हंगामाचा शेवटचा सामना होता. हरलो तर संघ खालच्या गटात जाणार होता. अर्धे मिनिट उरले होते आणि आम्ही एका गुणाने मागे होतो. तिहोमिर चेंडू घेऊन आला आणि थबकला. रक्षक पुढे निघून गेला. लोक उभे राहिले. वुकोताने हात वर केले.

आत काहीतरी कटकन मोडले. ते मी ऐकले, दुसऱ्या कुणी नाही.

तिहोमिर तसाच उभा राहिला, चेंडू छातीशी धरून. लोक टाळ्या वाजवू लागले. असे थांबणे त्यांनी कधी पाहिले नव्हते! वुकोताने मात्र हात खाली घेतले, बास्केट सोडून तो धावत आला आणि पडणाऱ्या तिहोमिरला त्याने काखेत धरले. टाळ्या थांबायला फार वेळ लागला. सामना गेलाच.

दवाखान्यात म्हाताऱ्या डॉक्टरांनी आधी उठून खिडकी लावून घेतली, मग मला उतरवले.

"कधीपासून?"

"गेल्याच्या आधीच्या डिसेंबरपासून," तिहोमिर पुटपुटला.

"तेव्हाच आला असतास तर छोट्याशा शस्त्रक्रियेत भागलं असतं. आता आतली गादीच उरलेली नाही, पोरा. चालशील. खेळणं संपलं."

"पण आम्ही वारा लागू दिला नाही हो," देसांकाबाई म्हणाल्या आणि रडू लागल्या.

घरी आल्यावर त्यांनी मला चुलीत टाकायला उचलले. "यानंच खाल्ला माझ्या लेकाचा पाय!"

तिहोमिरने कुबडी टाकून माझे टोक पकडले. "त्याच्यावर कशाला चिडतेस, आई? दाखवायचं मला होतं. मी दाखवलं नाही."

देसांकाबाईंनी मला धुतले, वाळवले आणि कसर लागू नये म्हणून अक्रोडाच्या पानांत गुंडाळून कपाटात ठेवले. याला आता बारा वर्षे झाली. तिहोमिर दुसऱ्या शहरात राहतो, वुकोता ग्रीसमध्ये खेळून निवृत्त झाला. कपाट क्वचितच उघडते. अजूनही माझे ते बारा टाके सैल पडलेले आहेत, आणि त्यांच्यात भरायला काही नाही.

मित्रांनो, तुमचेही कुठेतरी दुखत असेल. गुडघाच असेल असे नाही. त्यावर माझ्यासारखे काहीतरी मऊ ओढून तुम्ही हसत असाल. तसे करू नका. मला ऊब देता येते, हाक मारता येत नाही. ती तुमची तुम्हालाच मारावी लागेल.