चौथ्या रिळातला तुकडा

रत्नमाला टॉकीजचे मालक आण्णा स्वतः सिनेमा बघत नसत. गुरुवारी सकाळी नव्या सिनेमाची पेटी आली की ऑपरेटर सिद्धाप्पा हत्तरगी रिकाम्या थिएटरात सगळी रिळं चालवून बघायचा आणि मग खाली ऑफिसात जायचा. आण्णा त्याला दोनच गोष्टी विचारायचे.

"शिट्टी कुठं, बिडी कुठं?"

शिट्टी म्हणजे लोक कुठं खूश होतील. बिडी म्हणजे कुठं कंटाळून बाहेर ओढायला जातील. जिथं बिडी तिथं कात्री, असा रत्नमालाचा रिवाज होता. कापलेले तुकडे सिद्धाप्पा डब्यात जपून ठेवायचा आणि पेटी परत जाताना जोडून द्यायचा. सव्वीस वर्षांत त्याचा अंदाज फार तर चार-पाच वेळा चुकला असेल.

सत्त्याण्णव सालच्या मार्चात जी पेटी आली, ती बाळासोच्या सिनेमाची होती. बाळासो कसबा बावड्याचा. सहा वर्षं सिद्धाप्पाच्या हाताखाली प्रोजेक्टरच्या केबिनमध्ये काम करून मग शूटिंगवाल्यांबरोबर गेला, लाइट उचलता उचलता गोष्टी लिहायला लागला आणि आता पस्तिशीत त्यानं स्वतःचा सिनेमा काढला होता. नाव 'पाचवा खांदा'. सिद्धाप्पाला तो मामा म्हणायचा आणि सिद्धाप्पाच्या बायकोला, महादेवीला, मामी. महादेवी आदल्या वर्षी श्रावणात गेली. पोटात गाठ झाली होती.

सिद्धाप्पानं पहिलं रीळ लावलं आणि भिंतीतल्या भोकाला डोळा लावला.

गोष्ट सरकारी दवाखान्याच्या मुडदेगाडीवरच्या ड्रायव्हरची होती. वाळूचा एक ठेकेदार आणि त्याची पाच माणसं त्याच्या बायकोला मारतात, मग ड्रायव्हर एकेकाला गाठून सहाही जणांना संपवतो आणि त्यांना आपल्याच गाडीतून पोचवतो. सिद्धाप्पा मनातल्या मनात शिट्ट्या आणि बिड्या मोजू लागला. वीटभट्टीतली मारामारी चांगली होती. मारताना हिरो एक शब्द बोलत नाही, हेही चांगलं होतं. मेलेल्याचे डोळे तो हातानं मिटवायचा, रोजच्या कामाची सवय म्हणून. तिथं सिद्धाप्पाच्या अंगावर काटा आला. पण तिसऱ्यापासून सहाव्यापर्यंत सगळे एकाच पद्धतीनं मरत होते. पोलीस म्हणून कुणी फिरकतच नव्हतं. हिरोच्या उजव्या खांद्यात गोळी लागली होती आणि दोन मिनिटांनी तो त्याच हातानं गिअर टाकत होता.

हे सगळं बघताना सिद्धाप्पाला हिरोचा हेवा वाटत होता. बायको याचीही गेली होती. पण याला सहा माणसं मिळाली होती. दार फोडावं, गळा धरावा, विचारावं, का मारलीस म्हणून. सिद्धाप्पानं कुणाचं दार फोडायचं?

पण खरी आग त्याच्या आधीच, चौथ्या रिळात लागली होती.

ड्रायव्हर कामावरून घरी येतो. दार उघडतं आणि उघडता उघडताच बायको विचारते, "आज कोण मेलं?"

सिद्धाप्पाचा हात मशीनवरच राहिला. हे महादेवीचं वाक्य होतं. पंचवीस वर्षं तो शेवटचा खेळ संपवून घरी गेला की जेवलासा का, दमलासा का, असलं काही ती विचारायची नाही. आज सिनेमात कोण मेलं, हे विचारायची. तो सांगायचा आणि ती भाकरी वाढता वाढता मेलेल्याची चौकशी करायची, लेकरंबाळं होती का, चांगला होता का. बाळासो त्यांच्याकडं जेवायला असायचा. त्यानं ते ऐकलं होतं आणि उचललं होतं. नटीनं ते शेवटचा शब्द जरा ओढून, ओठ दाबून म्हटलं होतं, म्हणजे कसं म्हणायचं तेही त्यानंच शिकवलं असणार.

इतकंच असतं तरी सिद्धाप्पानं दात खाऊन सोडलं असतं. पण पुढं ती बाई जेवणाच्या ताटापाशी नवऱ्याला म्हणाली, "मला एकदा तुमच्या गाडीत पुढं बसवा की. मागं काय, एक दिस बसायचंच हाय."

बोलायची ढब महादेवीचीच होती. हे असं तिच्याशिवाय कुणाला सुचणार नाही. पण सिद्धाप्पानं ते कधी ऐकलं नव्हतं. म्हणजे ती बाळासोशी बोलली होती. कधी बोलली होती, कुठं, आणि अजून काय काय बोलली होती?

सगळी रिळं संपल्यावर तो खाली गेला.

"शिट्टी कुठं?" आण्णांनी विचारलं.

"वीटभट्टीत. शेवटी गाडी पुलावरनं जाती तिथं."

"आणि बिडी?"

"चौथ्या रिळात घरातला एक सीन हाय. नवराबायको जेवत बसल्यात. तीन मिनिटं नुसतं बोलणं."

"मग उडीव."

सव्वीस वर्षांत सिद्धाप्पा आण्णांशी पहिल्यांदा खोटं बोलला होता. वर येऊन त्यानं चौथं रीळ काढलं, पावणेतीनशे फूट फिल्म कापली, गुंडाळून डब्यात ठेवली आणि डबा आपल्या स्टुलाखाली सारला.  आता ती बाई बाळासोची नव्हती. कुणाचीच नव्हती. डब्यात होती.

शुक्रवारी तीनच्या खेळाला निम्मा बावडा लोटला होता. बाळासो खाली मधल्या रांगेत बसला होता, नव्या शर्टावर हार घालून. पहिली तीन रिळं बरी गेली. चौथं लागलं. मुडदेगाडी दवाखान्याच्या आवारात थांबली आणि तिथून चित्र एकदम वाळूच्या ठेकेदारावर गेलं. ठेकेदार तोंडाला साबण फासून दाढी करून घेत बसला होता. तेवढ्यात पडद्यातून बाईचा आवाज आला.

"आज कोण मेलं?"

थिएटरात हशा फुटला. "न्हावी बाई हाय व्हय रं?" कुणीतरी ओरडलं. "सांग की ठेकेदारा, कोण मेलं?" दुसऱ्यानं साथ दिली. बाकड्यांवर हात आपटत लोक हसत होते.

सिद्धाप्पाला चूक कळली. फिल्मवर आवाजाची पट्टी चित्राच्या बरोबर नसते, वीस फ्रेम पुढं छापलेली असते. नुसतं चित्र बघून सीन कापला की त्याचा सुरुवातीचा सेकंदभर आवाज आधीच्या सीनच्या फिल्मवर उरतो आणि पुढच्या सीनवर वाजतो. म्हणून कापताना तेवढी पट्टी शाईनं काळी करायची असते. नवखा माणूस पहिल्या महिन्यात ही चूक करतो आणि कानफटात खातो. बाळासोनं केली होती तेव्हा सिद्धाप्पानंच त्याला शिकवलं होतं. आणि काल रागाच्या भरात तो स्वतः ते विसरला होता.

पुढं सिनेमा उठलाच नाही. कापलेल्या सीनशिवाय बायको फक्त एका गाण्यात दिसत होती. पाचव्या रिळात ती मेली तेव्हा लोकांना ती कोण हेच नीट कळलं नव्हतं. हिरो माणसं मारत सुटला आणि प्रत्येक मुडदा पडला की खालून कोरसात आवाज यायचा, "आज कोण मेलं?" वीटभट्टीलाही शिट्टी आली नाही. लोक बिडी ओढायला गेले ते परत आले नाहीत.

खेळ सुटल्यावर बाळासो केबिनचा जिना चढून वर आला. हार त्याच्या हातात होता.

"मामा, सीन तुम्ही कापलासा."

"आण्णानं सांगितलं. बिडीचा सीन हुता."

"बिडीचा?" बाळासो दारातच उभा राहिला. "खरं सांगा, तुमास्नी तसं वाटलं?"

सिद्धाप्पा रीळ गुंडाळत राहिला. मग म्हणाला, "तुला कुणी अधिकार दिला रं? माझ्या घरात जेवलास, आणि माझ्या बायकोचं बोलणं बाजारात मांडलंस?"

"मामींचं हाय म्हणूनच मांडलं. त्यो सीन सोडला तर सिनेमात हाय काय? मारामाऱ्या कुणालाबी जमत्यात."

"आणि ते गाडीत पुढं बसायचं? ते कवा म्हणाली ती तुला?"

 बाळासोनं हार खिळ्याला अडकवला.

"ते गाडीचं न्हवतं. केबिनीचं हुतं. राजारामपुरीच्या दवाखान्यात मंगळवारी सुई टोचून घ्यायला न्यायचो न्हवं का मी त्यास्नी? तिथं दोन-दोन तास नंबर लागायचा न्हाई. बोलत बसायच्या. एकदा म्हणाल्या, तुझ्या मामाच्या केबिनीत मला एकदा बसायचं हाय. म्होरनं पिच्चर लई बघितलं, मागनं एकदा बघू दे."

"मग मला का न्हाई म्हणाली?"

"म्हणाल्या हुत्या म्हणं. दोनदा. तुम्ही म्हणालासा, बायकांचं काम न्हाई तिथं."

सिद्धाप्पाला आठवेना. आठवेना म्हणून जास्तच लागलं.

"मला खेळ सोडून येता येत न्हवतं," तो म्हणाला. "मशीन कोण चालवणार हुतं?"

"मी," बाळासो हळूच म्हणाला. "सहा वर्षं तुमच्याकडं शिकलो की. मामींनी तेबी विचारलं हुतं एकदा. तुला मशीन येतंय न्हवं, म्हणाल्या. मी व्हय म्हणालो. मग काय बोलल्या न्हाईत."

सिद्धाप्पा स्टुलावर बसला. सुट्टी आण्णांनी दिली असती, हे त्याला माहीत होतं. दवाखान्यातली ती बाकडी, तो वास, नंबर पुकारणारी बाई, हे त्याला सोसत नव्हतं. इथं अंधारात मशीन चालवणं सोपं होतं. म्हणून त्यानं मशीन येणाऱ्या माणसाला बायकोबरोबर पाठवलं होतं आणि आपण मशीनपाशी थांबला होता. ते मंगळवार त्यानं स्वतःच्या हातानं बाळासोला दिले होते. आता परत कुणाकडं मागणार?

"मामा," बाळासो म्हणाला, "आण्णा सोमवारी पेटी उचला म्हणालाय. त्याचं काय न्हाई. पण लोक हसाय लागल्यात. मामींच्या बोलण्यावर हसाय लागल्यात. सीन लावायचा नसंल तर नका लावू. तुमचंच हाय ते. पर ऱ्हायलेल्या आवाजावर निदान शाई तरी फासा. तेवढंच मागतो."

तो जिना उतरून गेला.

साडेपाच वाजले होते. सिद्धाप्पानं शाईची बाटली काढली, ब्रश काढला आणि चौथं रीळ उलगडून जोड शोधला. दीड इंचही रुंद नाही अशी ती फिल्म. तिच्या कडेला बारीक पांढऱ्या रेघा थरथरत गेलेल्या होत्या. तेवढ्या रेघांत ते सगळं वाक्य मावलं होतं. त्यानं ब्रश बुडवला. एक फटकारा आणि मग कुणी हसणार नव्हतं. कुणी ऐकणारही नव्हतं. ती पुन्हा त्याच्या एकट्याची झाली असती. सोमवारी पेटी परत जायच्या वेळी जोडून द्यायचं का नाही, तेही त्याच्याच हातात होतं.

ब्रशवरची शाई त्याच्या पायजम्यावर ठिबकली. त्यानं ब्रश फडक्याला पुसला, स्टुलाखालचा डबा ओढला, फिल्मच्या कडा खरवडल्या, चिकटवायचं सिमेंट लावलं आणि दोन्हीकडचे जोड अंगठ्यानं दाबून धरले. सुकेपर्यंत तो मनात आकडे म्हणत बसला, पोराला पाढे शिकवल्यासारखे.

सहाच्या खेळाला गर्दी पातळ होती. दुपारी हसून गेलेल्यांपैकी काही मुद्दाम परत आले होते आणि वाट बघत होते. चौथ्या रिळात दार उघडलं.

"आज कोण मेलं?"

तयारीत असलेले हसले, पण थोडेच. पडद्यावर बाईनं भाकरी वाढली, मेलेल्याची चौकशी केली, आणि हसणारे गप्प झाले. गाडीत पुढं बसायचं ती म्हणाली तेव्हा बायकांच्या बाजूनं हसू आलं, ते निराळं होतं. कुणी बिडीला उठलं नाही. पुढच्या रिळात ती मेली तेव्हा खालून एक म्हातारी मोठ्यानं म्हणाली, "अगं बाई." मग वीटभट्टीला अशी शिट्टी आली की आण्णा ऑफिसातून बाहेर आले. त्यानंतरच्या चार माणसांच्या मरणात काही अर्थ नव्हता, पण आता लोक तेही चालवून घेत होते.

सिद्धाप्पा भोकातून बघत होता. पडद्याकडं नव्हे, लोकांकडं. तीनशे माणसं तिला ओळखू लागली होती. उद्या राजारामपुरीत, परवा पेठ वडगावात कुणीतरी घरी आलेल्या नवऱ्याला विचारेल, आज कोण मेलं. त्याला त्या प्रत्येकाचा राग येत होता.

बाळासो वर आला आणि दारात उभा राहिला. 

"आत ये," सिद्धाप्पा म्हणाला. "दार लाव. मशीनचा आवाज खाली जातोय."

बाळासो आत येऊन पेटीवर टेकला. सिद्धाप्पानं त्याच्याकडं न बघता विचारलं, "किती मंगळवार नेलंस तिला?"

"एकवीस."

"अजून काय काय म्हणायची?"

"लई हाय मामा. एक दिवस घरी निवांत बसून सांगतो."

"घरी नको. आत्ता सांग. हे रीळ संपायला सतरा मिनिटं हायत."

 पहिल्या मंगळवारी शेजारी एक तंबाखूवाली म्हातारी बसली होती, तिथून बाळासोनं सुरुवात केली. महादेवीनं त्या म्हातारीला, नवरा काय करतो म्हणून विचारल्यावर, रोज मुडदे मोजतो असं सांगितलं होतं आणि म्हातारी लांब सरकून बसली होती. सिद्धाप्पाला हसू आलं नाही. ती असं बोलली आणि आपण तिथं नव्हतो, हे त्याच्या छातीत रुतत होतं. बाळासो थांबला.

"पुढं?" सिद्धाप्पा म्हणाला.